साळूचा दिवा आणि कोल्ह्याची घंटा

एका जंगलात कातळातल्या गुहेत एक साळू आपल्या पिल्लासह राहत असे. गुहेच्या मधोमध पाण्याने भरलेली खोल कपार होती आणि आत भरदिवसाही डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नसे. पिल्लू पाण्यात पडेल या धास्तीने साळूने कपारीच्या काठाशी दिवा केला होता. जवळच्या ओसाड प्रयोगशाळेतून तिने काचेची भांडी आणली, त्यांत मोरचुदाचे, म्हणजे तांब्याच्या क्षाराचे, निळे पाणी ओतून तांब्याची पट्टी उभी केली. त्याच पाण्यात मातीचे बोळके ठेवले; बोळक्यात मिठाचे पाणी आणि जस्ताची पट्टी. अशी भांडी तारेने एकमेकांना जोडली की इवलासा दिवा लागे. जस्त झिजे, तांब्यावर नवे तांबे चढे आणि त्यातून आपसूक वीज निघे. जस्त संपत आले की साळू नवी पट्टी घाली.

एका कोल्ह्याजवळ तांब्याची घंटा होती, वापरून पत्र्यासारखी पातळ झालेली. साळूच्या पट्टीवर तांबे चढलेले पाहून त्याला हाव सुटली. त्यानेही भांडे भरले, निळ्या पाण्यात एकीकडे घंटा आणि दुसरीकडे तांब्याचा गोळा टांगला, दोन्ही तारेने जोडले आणि टक लावून बसला. घंटा होती तशीच राहिली. तो तणतणत साळूकडे गेला. "साळूताई, तुम्ही काहीतरी लपवलंत!"

"काही लपवलं नाही, कोल्होबा," साळू म्हणाली. "माझ्याकडे जस्त आणि तांबं आहे. जस्ताला विरघळायची ओढ जास्त, म्हणून काम आपोआप चालतं आणि वीज मिळते. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना तांबंच. ते कशाला हलेल? बाहेरून वीज देऊन रेटलंत, तरच गोळ्यातलं तांबं घंटेवर येईल. माझं भांडं वीज देतं, तुमचं वीज मागतं."

साळू कंदमुळे आणायला बाहेर पडताच कोल्ह्याने आपले भांडे गुहेत आणले. दिव्याच्या तारा उपटून जस्ताकडची तार घंटेला आणि तांब्याकडची गोळ्याला जोडली. गुहेत काळोख झाला. इतक्यात पिल्लू जागे झाले, नेहमीच्या वाटेने निघाले आणि धपकन पाण्यात पडले! "आई!" साळू धावत आली. "पिल्ला, दगडाला धरून राहा!" तिने चाचपडत तारा शोधल्या, दिव्याला जोडल्या. उजेड पडला. पिल्लू काठाच्या दगडाला लोंबकळत होते. साळूने त्याला वर ओढले आणि कितीतरी वेळ पोटाशी धरून ठेवले.

घंटेवर नव्या तांब्याची झाक आली होती. साळूने ती कोल्ह्यापुढे ठेवली. "तुमचं काम झालं, कोल्होबा. पण वीज कुणाची गेली?" कोल्ह्याला मान वर करवेना. त्याने भांडे उचलले आणि स्वतःसाठी जस्त शोधायला प्रयोगशाळेची वाट धरली. घंटा जाड होईतो त्याच्या बऱ्याच पट्ट्या झिजल्या.

तात्पर्य : काही कामे आपोआप होतात आणि वर आपल्याला बळ देतात; काही कामांना बाहेरून बळ पुरवावे लागते. असे काम हाती घेताना ते बळ आपण कुणाकडून काढून घेत आहोत, हे आधी पाहावे.