डोहातली तांब्याची पेटी

एका राज्यात, डोंगरांच्या कुशीत, आंबेघळ नावाचे चाळीस उंबऱ्यांचे गाव होते. खाली भाताची खाचरे, वर नाचणीचे उतार, मधून खळाळता ओढा. तो ओढा डोंगराच्या पायथ्याशी एका काळ्या डोहात उतरे, आणि त्या डोहात जटानाथ मांत्रिकाची तांब्याची पेटी होती. तिच्यावर अक्षरे कोरली होती : मला नेईल त्याच्या राज्यात कोणी टेकणार नाही.

राजा धवलसेनाने पेटी वर काढवली, अक्षरे वाचली, हसला आणि पेटी राजवाड्यात नेली.

त्या दिवसापासून सारे राज्य चालू लागले. बसू पाहणाऱ्याला जमीन तव्यासारखी पोळे, उभ्याच्या तळव्यांना मुंग्या डसत. माणसे चालता चालता भाकरी खात. झोप यायची तीही पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून. गाय धार काढू देईना, कारण गाय थांबेना. पडव्या ओस पडल्या. कोणाशी चार शब्द बोलायचे तर त्याची वाट धरून चालावे लागे, आणि ज्याची त्याची वाट निराळी.

राही या गावात घोंगड्या विणत असे. तिचा माग कोपऱ्यात पडून होता, पण तिला मागाची चिंता नव्हती. तिची लेक गोजरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि तिचे दिवस भरले होते. पोट धरून ती अंगणात येरझाऱ्या घाली.

सुईण ठमाआजी तिच्याबरोबर चालत म्हणाली, "राही, चालत्या बाईला मी कशी सोडवू? चार दिवस. त्यापुढे माझ्या हाती काही नाही."

तेवढ्यात एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत बोलली, "माझी अंडी खडकावर गार होत चाललीत. मला बसता येत नाही. जटानाथ तीन खिंडींपलीकडे आहे. वाट मी दाखवते."

"चल," राही म्हणाली.

थांबायचे नव्हतेच, म्हणून एका दिवसात तीन खिंडी मागे पडल्या. धबधब्याआड जटानाथ बसला होता. कमरेपर्यंत वारूळ चढले होते. साऱ्या राज्यात तो एकटाच बसलेला. त्याच्याकडे पाहून राहीला रडू आले, आणि रडतच ती त्याच्याभोवती फिरत राहिली.

जटानाथ म्हणाला, "शाप राजाला आहे."

"पाय आमचे पोळतात, महाराज."

मांत्रिकाने डोळे मिटले. मग म्हणाला, "तीन कामे. चाळीस चुलींची राख एका मडक्यात घे, तिने पेटीचे तोंड लिंप. चाळीस घरांच्या लोकरीचा एक दोर कर, न थांबता, गाठ न मारता. आणि राजाने आपल्या हाताने, त्या दोराने, पेटी डोहात सोडावी. त्याच्यावर बळ केलेत तर शाप दुप्पट होईल."

राही रातोरात परतली. एकोणचाळीस चुलींची राख सकाळीच मिळाली. चाळिसावी चूल बहिर्जीची. बांधावरून सात वर्षे त्याचे-तिचे बोलणे नव्हते. राही त्याच्या मागोमाग खाचराला फेऱ्या घालू लागली. तो पुढे, ती मागे. ऊन डोक्यावर आले.

"बहिर्जी, बांध तुझा."

"सगळा?"

"सगळा."

त्याने मागे वळून पाहिले नाही. पण घरापाशी आल्यावर आत गेला आणि मूठभर राख मडक्यात टाकून गेला.

मग लोकर आली. एका म्हातारीकडे लोकर नव्हती, तिने अंगावरची घोंगडी उसवून दिली. पण बसल्यावाचून दोर वळायचा कसा? राही गोजरीच्या येरझाऱ्या पाहत होती, आणि तिच्या मनात आले : आपण चालतोच आहोत, तर गोफ विणू. जांभळीच्या आडव्या फांदीवर चाळीस पदर अडकवले, घराघरातल्या एकेकाने एकेक पदर धरला. निम्मे उजवीकडे निघाले, निम्मे डावीकडे. एकाच्या आतून, दुसऱ्याच्या बाहेरून. पहिल्यांदा गुंता झाला, शिव्याही झाल्या. मग पावले जुळली. इतके दिवस ज्याची त्याची वाट निराळी होती. आज एकाच्या वाटेवाचून दुसऱ्याची वाट पुढे सरेना. दिवस कलताना दोर पुरा झाला, मनगटाएवढा.

तिसऱ्या दिवशी राही दरबारात पोहोचली. राजा सिंहासनाभोवती फिरत होता. संगमरवरावर त्याच्या पावलांची वाट पडली होती. त्याच्याबरोबर फिरत राहीने जटानाथाची तिन्ही कामे सांगितली.

"महाराज, सिंहासन कशासाठी असते?"

"बसण्यासाठी."

"मग बसावे."

राजाचा चेहरा उतरला. सिंहासनाला त्याने आणखी दोन फेऱ्या घातल्या. मग म्हणाला, "पेटी रथात चढवा."

चौथ्या दिवशी डोहावर सारे गाव जमले. राहीने राखेने पेटीचे तोंड लिंपले. राजाने दोर हाती घेतला, पेटी पाण्यात सोडली. दोर सरू लागला, शेवटचे टोक आले, आणि राजाची मूठ उघडेना. पेटी त्याला ओढू लागली. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागले. शिपाई धावले.

"हात लावू नका!" राही ओरडली. मग स्वतः पाण्यात उतरली, तळव्यांना मुंग्या डसत असतानाही राजाच्या बाजूला उभी राहिली. "महाराज, माझी लेक पलीकडे वेणा देत चालते आहे. मी तुम्हाला सोडा म्हणणार नाही. पण मी इथेच आहे."

पाणी राजाच्या छातीला लागले. त्याने किनाऱ्याकडे पाहिले. गोजरी ठमाआजीच्या गळ्यात हात टाकून पाऊल ओढत होती. राजाने डोळे मिटले, आणि मूठ उघडली.

डोह एकदा घुमला. मग पाणी गप्प झाले.

आधी रथाचे बैल बसले. मग माणसे, जिथे होती तिथे, चिखलात, गवतात, खडकावर. गोजरी गवताच्या गंजीवर आडवी झाली, आणि थोड्या वेळाने एका तान्ह्या पोरीचा टाहो साऱ्या खोऱ्याने ऐकला.

राजा निथळत बाहेर आला. चोपदार गरजला, "महाराज उभे आहेत! उठा!"

कोणीही उठले नाही.

राजा म्हणाला, "बसू द्या त्यांना." आणि बहिर्जीने थोडे सरकून जागा केली, तिथे तोही जमिनीवर बसला.

त्या खोऱ्याच्या पावलांना जसा विसावा मिळाला, तसा ऐकणाऱ्यांच्या पावलांना मिळो, आणि सांगणाऱ्याच्या जिभेलाही मिळो.