कलम सातवं

“…तर मग सांगा बाबा, हात धरायचा कोणाचा? घाटावरच्या सुलतानाचा, की दर्यापारच्या टोपीकराचा?”

मीठाशाह फकीर फाटक्या पाटीला बांबूची कांब बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

विचारणारा धारोजी, वेताळबंदरचा राजा. वय बावीस. राज्य म्हणजे एक किल्ला, एक खाडी आणि अठरा गावं. गादीवर बसून जेमतेम तीन महिने झालेले. त्याआधी घाटावरच्या पाठशाळेतून गुरुजींशी भांडून पळालेला. म्हाताऱ्यांशी बिनसलं ते तिथूनच. घरी येऊन पाहतो तर अख्खा दरबार म्हाताऱ्यांचा.

“हैबतकाका म्हणतात, सुलतान शेजारी आहे, त्याच्या पायाशी बसावं. का? तर त्यांची लेक तिकडे दिलीय. दिवाण त्रिंबकपंत म्हणतात, टोपीकराशी तह करावा. का? तर त्यांना दुर्बीण मिळालीय. दिवसभर डोळ्याला लावून बसतात. तिच्यातून लांबचं सगळं जवळच दिसतं.”

“आणि तुला काय दिसतं?”

“मला कप्तान दिसतो. खाडीच्या तोंडाबाहेर गलबत लावून बसलाय. संध्याकाळी निघणार. त्याआधी तहावर शिक्का हवाय त्याला. दिला, तर सुलतान बिथरणार. नाही दिला, तर हा जाणार आणि सुलतान घोडे घेऊन येणार. आमच्याकडे तोफा चार. त्यातल्या दोन फुटलेल्या.”

“हं.”

धारोजीने कमरेचा कागद काढून उलगडला.

“ऐका. कलम सातवं. ‘संकट पडताच आमची तोफांची गलबतं आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी नांगर टाकून आपलं रक्षण करतील.’ इतकं स्वच्छ कोण लिहून देतो, बाबा?”

फकीर उठला. पाटी डोक्यावर पालथी घातली.

“चला. खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायची वेळ झाली.”

“अहो, मी राज्याचं विचारतोय!”

“ऐकलं की.”

आणि चालू लागला. शहाणपण विचारलं की म्हातारे उठून कामाला लागतात… धारोजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी तो मागे गेला. शिक्का त्याच्याच बोटात होता. तो पंतांकडे देऊन झोपायची सोय नव्हती.

वेताळबंदरच्या दरबाराची एक रीत होती. भरती पाहूनच खाडीवर उतरायचं. जोडे चिखलात जाऊ नयेत म्हणून. आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली रीत, कोणी मोडली नव्हती. पंतांनी कप्तानालाही पुनवेच्या भरतीला आणला होता. शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजून दाखवली होती. चार वाव, म्हणजे चार पुरुष पाणी! कप्तान खूश, पंत खूश.

आत्ता ओहोटी होती.

चार पावलांत धारोजीचा डावा जोडा चिखलाने गिळला. दहाव्या पावलाला उजवा. फकीर पुढे पुढे जात राहिला, खाडीच्या ऐन मध्यावर. तिथे थांबला. वाकला. हाताने चिखल चाचपून मूठभर शिंपल्या पाटीत टाकल्या.

“धारोबा, वर बघ.”

धारोजीने पाहिलं. डोक्यावर किल्ल्याचा मोठा बुरूज.

“खाली बघ.”

पाणी फकिराच्या गुडघ्याला होतं. एक खेकडा त्याच्या पायावरून सावकाश पलीकडे गेला.

“हेच ना ते? कलम सातवं?”

“गलबताच्या पोटाखाली किती पाणी लागतं?”

“तीन वाव,” धारोजी म्हणाला.

“हं.”

“कप्तानाला हे ठाऊक नसेल?”

“दर्यावर्दी आहे तो.”

“मग लिहून का दिलं?”

“तुम्हाला लिहून हवं होतं.”

धारोजीने कागदाचा चोळामोळा केला. चिखलात फेकणार, इतक्यात थबकला.

“आणि आमच्या पंतांना? त्यांचा जन्म गेला इथे!”

“वरच्या खिडकीत गेला.”

धारोजी हसला. हसण्यात चव नव्हती.

“म्हणजे काकाच खरे. जातो सुलतानाच्या पायाशी.”

फकिराने ओल्या बोटाने पलीकडचा काठ दाखवला. तिथे सुलतानाची चौकी. झाडाखाली घोडे बांधलेले.

“ते आत्ता निघाले तर?”

“गुडघाभर पाण्यातून येतील. घोड्यांची पोटं सुद्धा भिजायची नाहीत.”

“आणि घटकाभर थांबून निघाले तर?”

“मग घोड्यांना पोहावं लागेल…” धारोजी समुद्राकडे वळला. समुद्राच्या बाजूने फेसाची एक बारीक रेघ सरकत येत होती. मघाशी जिथे खेकडा दिसला होता तिथे आता पाणी मांडीला लागत होतं.

तो तिथेच उभा राहिला. अनवाणी. आपल्याच खाडीत, जन्मात पहिल्यांदा. बराच वेळ कधी समुद्राकडे पाहत होता, कधी चौकीकडे. फकीर शिंपल्या वेचत होता. पाटी भरत आली…

खाडीच्या तोंडाबाहेर तोफ वाजली. एकच बार. कप्तानाची आठवण.

“उत्तर मागतोय तो,” धारोजी म्हणाला. आवाजातली धार उतरली होती. “काय कळवू?”

फकिराने पाटी पाण्यात हिसळली, चिखल धुतला आणि ती राजाच्या हातात दिली. चांगली जड होती.

“म्हणावं, एक दिवस थांब. उद्या किल्ल्यावर जेवायला ये. तिसऱ्यांचं कालवण आहे. ओहोटीला ये.”

धारोजीने पाटी काखेला लावली.

“आणि सुलतान?”

फकीर काठाकडे वळला होता. मागे न बघता म्हणाला,

“त्यालाही बोलाव की. भरतीला.”