पिटुकलीच्या भिंतीला पडलं भोक

एक होतं मातीचं घर. भिंती जाडजूड, जाडजूड.
भिंतीत राहायची पिटुकली उंदरी.
भिंत दिवसभर ऊन खायची. मग पिटुकलीला ऊब द्यायची.

एकदा घरच्या भिमाकाकूने भिंत लिंपली. पण घाई केली. भुसा घातलाच नाही, नुसती माती थापली.
माती वाळली. माती तडकली. धप्पकन पडली.
भिंतीला भोक. वारा आला सूं सूं. पिटुकलीची ऊब गेली.

तुरुतुरु, तुरुतुरु, गेली मातीकडे.
"मातीबाई, मातीबाई, भोक बुजव."
"नुसती मी तडकते गं. भुसा आण, मग बुजवते."

भुसा होता बैलाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बैलोबा, बैलोबा, भुसा दे.
माती भोक बुजवीना,
माझी ऊब गेली."
"गोचीड चावतेय मला. कावळ्याला टिपू दे, मग देतो."

तुरुतुरु, तुरुतुरु.
"कावळेदादा, कावळेदादा, गोचीड टिप.
बैल भुसा देईना,
माती भोक बुजवीना,
माझी ऊब गेली."
"नुसती गोचीड? सोबत भाकरी नको?"

तुरुतुरु, तुरुतुरु.
"काकू, काकू, भाकरी दे.
कावळा गोचीड टिपीना,
बैल भुसा देईना,
माती भोक बुजवीना,
माझी ऊब गेली."
"बाळ झोपेना गं. बाळ कडेवर, भाकरी थापू कशी?"

"बाळा, बाळा, झोप ना रे.
काकू भाकरी देईना,
कावळा गोचीड टिपीना,
बैल भुसा देईना,
माती भोक बुजवीना,
माझी ऊब गेली."
बाळाने बोट दाखवलं. "वाला! थंदी!"
पिटुकली बघते तर काय, भोक तेच. वारा तोच.

आता कोणाकडे जायचं? कोणी उरलंच नाही.
पिटुकली स्वतःच भोकात शिरली. वाऱ्याकडे पाठ केली. गच्च बसली.
पाठीला हुडहुडी भरली. पण बिचारी हलली नाही.

वारा थांबला. बाळ झोपलं.
काकूने भाकरी दिली.
कावळ्याने गोचीड टिपली, भाकरीशी लावून.
बैलाने भुसा दिला.
भुसा मातीत गेला. काकूने चिखल तुडवला, थप थप थप. या वेळी घाई नाही.
काकू भोक बुजवायला आली. आत पिटुकली!
"अगो बाई, गारठलीस की."
काकूने तिला चुलीजवळ ठेवलं. माती भोकात बसली, घट्ट. पिटुकलीला चुलीकडून इवलंसं दार मिळालं.

आता भिंत पुन्हा ऊन खाते. बाहेरून बाळ टेकतं, आतून पिटुकली टेकते.
पण पिटुकलीची पाठ आधी गरम होते हं. भिंतीने तसं ठरवलंय.