पंतांच्या बरणीची जोडीदारीण

एका गावात धाकू नावाचा गडी होता. लोक त्याला भोळा म्हणत. लोकांना गोड बोलायची खोड असते. होता तो ठार मूर्ख.

त्याचे मालक गंगाधरपंत. त्यांना जुन्या चिनी बरण्या जमवायचा नाद. बरण्या काचेच्या कपाटात आणि घरचं लोणचं मडक्यात, असला कारभार. त्यातली एक हिरव्या झिलईची, आजोबांच्या वेळी गलबतातून आलेली. तिची जोडीदारीण खालच्या वाडीतल्या भागीरथीकाकूंकडे आहे असं कळलं आणि पंतांचं जेवणावरचं मन उडालं.

त्यांनी धाकूला धाडलं. बरणी उलटी करून बुडाचा शिक्का बघ म्हणाले. धाकूने बरणी उलटी केली. शिक्का होता. वर्षाचं लोणचंही होतं, ते काकूंच्या जमिनीवर गेलं.

"गाढवा, आधी आतलं बाहेर काढायचं, मग भांडं हलवायचं," पंत म्हणाले.

काकूंचा राग जावा म्हणून पंतांनी डबाभर लाडू पाठवले. धाकूने आधी आतलं बाहेर काढलं. लाडू ओट्यावर मांडले आणि रिकामा डबा काकूंच्या हातात नेऊन दिला.

पंतांनी कपाळाला हात लावला. "अरे, नाजूक माल असला की पेंढ्यात गुंडाळायचा, सुंभाने आवळायचा आणि वाटेत उघडायचा नाही."

काकूंनी निरोप धाडला, मीच येऊन तुझ्या तोंडावर काय ते बोलते. पंतांनी बैलगाडी दिली आणि बजावलं, म्हातारं माणूस आहे, नाजूक आहे, जपून आण. धाकूने जपूनच आणलं. गाडीतून पेंढ्याचा भारा उतरवला. वाटभर आतून शिव्या येत होत्या, पण वाटेत उघडायचं नव्हतं.

सुंभ सोडल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "गंगाधरा, बरणी फुकट ने. पण हा पुन्हा माझ्या दारात नको."

पंत स्वतः जाऊन बरणी पोटाशी धरून घेऊन आले. दोन्ही शेजारी ठेवल्या. काकूंच्या बरणीच्या काठाचा टवका उडाला होता.

पंत हळहळले. "जोडी म्हणजे कशी हवी, धाकू? आपली कुठली नि काकूंची कुठली, ओळखू येता कामा नये. एवढ्याशा टवक्याने घात केला."

मग बरण्या आणि धाकू एकाच खोलीत ठेवून ते शेजाऱ्यांना बोलवायला गेले. म्हणे शिकलेला माणूस.

धाकूने वरवंटा आणला. पंतांच्या बरणीचा टवका उडवला. तो जरा मोठा उडाला. मग काकूंच्या बरणीचा थोडा उडवला. तिकडे जास्त गेला, म्हणून पुन्हा इकडे. असं बरोबरीला आणता आणता त्याला घाम फुटला.

पंत शेजाऱ्यांना घेऊन दारात आले. धाकू दोन ढिगाऱ्यांमध्ये उभा होता.

"पंत," तो म्हणाला, "आता ओळखून दाखवा, आपली कुठली?"