पाळकसाहेबांची घोडी

गावात फटफटी नवी आली, तेव्हाची गोष्ट. तेव्हा माणसं बरी होती, जाऊ द्या. पाळकसाहेबांनी फटफटी घेतली आणि म्हातारी घोडी मोकळी सोडली. फटफटीला ओढा ओलांडता येईना, म्हणून साहेबही पलीकडं जाईनासे झाले. घोडी मात्र रविवारी चर्चची घंटा वाजली की सवयीनं ओढ्याकडं निघायची.

फटफटी हसली, "म्हातारे, तुला सुट्टी दिलीय. गवत खा गप."

"साहेबांनी दिली. ओढ्यापलीकडच्या आंधळ्या सगुणाबाईनं कुठं दिलीय?"

एका रविवारी साहेब घोडीला हुडकत पायीच ओढा उतरले. घोडी सगुणाबाईच्या दारात उभी होती. टापा ऐकून आतून म्हातारी विचारत होती, "साहेब, आज तरी प्रभुभोजनाची भाकर आणलीत का?"

पुढच्या रविवारी फटफटी अंगणातच राहिली. घोडीवर खोगीर चढलं होतं.