ठकूबाईच्या फडक्यांचे गाठोडे

वनगीर महाराज कोणत्याही गावी तीन दिवसांहून अधिक राहत नसत. पण साखरवेढ्यास आले तेव्हा भैरवनाथाच्या देवळासमोरच्या चिंचेखाली त्यांनी धुनी पेटवली, आणि फाल्गुन सरून चैत्र उजाडला तरी उठायचे नाव घेईनात. कोणी विचारले, "महाराज, इथं एवढं काय सापडलं?" तर महाराज हसून म्हणत, "इथं एक बाई भांडी फार छान घासते. बघत बसलोय." ऐकणाऱ्याला वाटे, बैराग्याची थट्टा! ती थट्टा नव्हती हे गावाला कळायला नाथांची जत्रा यावी लागली. ती हकीकत भाविकांनी मन लावून ऐकावी.

ती बाई म्हणजे ठकूबाई, गुरवाच्या घरची विधवा सून. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली, सासूने पहिल्याच आठवड्यात देवाची उपकरणी तिच्या पुढ्यात ठेवली, आणि त्याला आता चाळीस वर्षे झाली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ झाले नाही. समया, ताम्हने, पळी-पंचपात्री हाच तिचा संसार. आणि त्या संसारातले लाडके लेकरू म्हणजे नाथांचा चांदीचा मुखवटा. मुखवटा फार जुना, झिजून पातळ झालेला. रुंद कपाळ, मोठे डोळे, पिळदार मिशा आणि डाव्या कानाजवळ एक छोटासा पोचा. वर्षभर तो पेटीत असे आणि चैत्रातल्या जत्रेला पालखीत बसून गावभर मिरवे.

पितळेला आणि तांब्याला ठकूबाई चिंच लावी, विटकरीची पूड लावी, काथ्याने खसाखसा घाशी. चांदीला मात्र यातले काही म्हणजे काही नाही. मुखवट्याला रिठ्याच्या कोमट पाण्याने अंघोळ घालायची, गोवरीची राख पातळ कापडातून तीनदा गाळायची आणि आपल्याच जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने हळूहळू पुसायचे. कपाळावर फडके टेकवताना दर वर्षी तिचे एकच बोलणे असे, "डोळे मीट रे माझ्या राजा, राख जाईल."

दर वर्षाला एक फडके. काम झाले की ती ते धूत नसे आणि टाकतही नसे. घडी घालून गाठोड्यात ठेवी. सासूने तसे सांगितले होते. महाराजांनी एकदा विचारले, "माय, त्या काळ्या चिंध्या कशाला गं जपतेस?"

ठकूबाई संकोचून म्हणाली, "महाराज, पुसताना देवाची जरा जरा चांदी फडक्यावर उतरते. ओढ्यावर धुतलं तर ती ओढ्याला जायची. देवाचं अंग आहे ते, मी कशी वाहवू?"

महाराजांनी त्या गाठोड्याला हात जोडले. मग म्हणाले, "जप. देवाचं आहे, देव मागून घेईल."

आता भुजंगरावांकडे वळू. भुजंगराव देशमुख हे पालखीचे मानकरी. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण पागोटे जरा घट्ट बसले होते. त्या वर्षी शेजारच्या गावाने नवा कोरा मुखवटा घडवून आणला. तो म्हणे असा लखलखे की बघणाऱ्याचे डोळे दिपत. तिथला एक पाहुणा भुजंगरावांना सहज म्हणून गेला, "देशमुख, तुमचा नाथ चुलीपाशी बसतो की काय? मिशांत काजळी दिसते!" झाले! बोलणारा बोलून गेला, पण देशमुखांच्या घशाखाली घास उतरेना.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी ते तरातरा देवळात आले. ठकूबाई ओसरीवर मुखवटा मांडीवर घेऊन बसली होती.

"ठके, चाळीस वर्षं घासतेयस आणि मिशांतलं काळं अजून तसंच? हाताला लकवा मारलाय का?"

"मालक, तो मळ नाही," ठकूबाई म्हणाली. "खाचेत तेवढं काळं राहतं म्हणून मिशी मिशी दिसते. ते काढलं तर नाक-डोळे सगळं एक होईल."

"आता तू आम्हाला शिकव! देवाला मळकट ठेवायचं आणि वर शहाणपण सांगायचं." भुजंगरावांनी चिंचेखाली बसलेल्या महाराजांकडे हात केला. "राख फासून बसणारा गोसावी आणि राखेनं देव पुसणारी बाई, बरी जोडगोळी जमली आहे. अरे, हिच्याच हातून एकदा देव पडला होता. तो कानापाशी पोचा आहे ना, तो हिचाच प्रताप. माझ्या लहानपणची गोष्ट. विचारा!"

जमलेले लोक हसले. ठकूबाईने एकदा मान वर करून भुजंगरावांकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. महाराजांनी धुनीतले लाकूड पुढे सारले.

मग भुजंगरावांनी काय करावे? अंगरख्याच्या बाह्या सारल्या, मुखवटा उचलला आणि स्वतः विहिरीच्या पायरीवर बसले! आयुष्यात पाण्याचा तांब्या कधी विसळला नव्हता, पण वाड्यावरच्या बायका पितळी घागरी कशा चमकवतात ते सोप्यावर बसून पाहिले होते. तेवढ्या विद्येवर त्यांनी हुकूम सोडला, "विटकर आणा. चिंच आणा. काथ्या आणा."

"मालक, पाया पडते," ठकूबाई धावली. "विटकर पितळेला. चांदीला नको. पत्रा पातळ झालाय."

"बाजूला हो!"

तासभर नाथांच्या मुखावर विटकर फिरत होती. त्या आवाजाने ठकूबाईने कानांवर पदर घट्ट धरला. शेवटी भुजंगरावांनी पाणी ओतले आणि मुखवटा उन्हात वर धरला. काय ती चकाकी! बघ्यांनी डोळ्यांवर हात घेतले, कोणी टाळ्या वाजवल्या. देशमुख घामाघूम झाले होते, बोटे सोलवटली होती, पण छाती हातभर फुगली.

दुपारच्या आरतीला ठकूबाईचा पुतण्या धोंडू गुरव मुखवट्याला गंध लावायला बसला. बोट पुढे केले, मागे घेतले. पुन्हा पुढे केले. मग त्याने वळून हलक्या आवाजात विचारले, "मालक, गंध कुठं लावू?"

लोक पाहायला पुढे सरकले. भुवया नव्हत्या. डोळे नव्हते. मिशा पुसून गेल्या होत्या, नाकाचा नुसता उंचवटा राहिला होता आणि कानापाशी पत्रा फाटला होता. चकाकत होती ती नुसती चांदी. नाथ कुठे होते?

गावातले सर्वांत वृद्ध बापूजी मोकाशी काठी टेकत आले, त्यांनी मुखवट्यावरून बोटे फिरवली आणि ते म्हणाले, "मुख भंगलं. भंगलेला देव पूजेला चालत नाही. दिवस मावळायच्या आत डोहात सोडायला हवा. उद्याची पालखी..." साखरवेढ्याची पालखी रिकामी निघाल्याचे कोणी ऐकले नव्हते. बायका रडू लागल्या.

भुजंगरावांचा चेहरा उतरला. पण गर्व असा सहजासहजी जात नाही. पडताना तो शेजारच्याला धरून पडतो. ते ओरडले, "माझ्या एका तासानं देव झिजतो होय? हिनं चाळीस वर्षं झिजवला. आज उरलंसुरलं गेलं, एवढंच!" आणि लोकांनीही ते अर्धेमुर्धे खरे मानले. ज्या हातांनी देवाला लेकरासारखे सांभाळले, त्या हातांवर गावाने देव घालवल्याचा आळ घातला.

ठकूबाईने स्वतःच्या बचावाचा एक शब्द काढला नाही. मुखवट्याला डोहाकडे नेण्यासाठी ताट आले तेव्हा मात्र ती आडवी झाली.

"एक मागते. सोडायच्या आधी मला त्याला पुसू द्या. चिंच अंगावर तशीच आहे. चिंचेनं चांदी रातोरात डागते. आंबट अंगानं लेकराला घरातून कसं घालवू?"

"आता पुसून काय होणार आहे?" भुजंगराव म्हणाले.

"पुसू द्या तिला."

सगळे वळले. महिना-दीड महिन्यात जे चिंचेखालून हलले नव्हते ते महाराज देवळाच्या पायरीवर उभे होते. आवाज चढलेला नव्हता, पण ताट धरलेल्या माणसाने ते आपोआप खाली ठेवले. महाराज ठकूबाईला म्हणाले, "माय, नवं फडकं घेऊ नकोस. गाठोडं आण. देव आपलं मागतोय."

गाठोडे आले. ठकूबाईने मुखवटा मांडीवर घेतला, रिठ्याचे पाणी सोडले, राख घेतली. सपाट चांदीवर तिने फडके टेकवले आणि सवयीने बोलून गेली, "डोळे मीट रे माझ्या राजा." मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन तिला हुंदका फुटला. मिटायला डोळे होते कुठे?

पहिले फडके फिरले. दुसरे फिरले. तिसरे, चौथे. काहीच झाले नाही. बापूजी सूर्याकडे पाहू लागले. ठकूबाईचे डोळे पाण्याने भरलेले. तिला दिसतच नव्हते, ती फक्त चिंच काढत होती. पाचवे फडके कपाळावरून उतरले आणि धोंडू किंचाळला, "काकी! भुवई!"

होय, भाविकहो! बारीक रेघ होती, पण भुवईच होती. आणि ठकूबाईच्या हातातले फडके? चाळीस वर्षांच्या काळ्या चिंध्यांतले ते एक, त्यावर डाग राहिला नव्हता. खाली टाकलेली आधीची चार फडकीही धुतल्यासारखी स्वच्छ पडली होती.

दहाव्या फडक्याला दुसरी भुवई आली. पंधराव्याला नाकपुड्या आल्या. विसाव्याला मिशीचा एक पीळ फिरला, पंचविसाव्याला दुसरा, आणि त्या पिळांच्या खाचांत ते जुने, ओळखीचे काळेही परत येऊन बसले! जे वर्षानुवर्षे कणाकणाने फडक्यावर उतरले होते ते कणाकणाने घरी परतत होते. लोक हात जोडून उभे होते, कितीतरी जणांच्या गालांवरून पाणी वाहत होते. महाराज डोळे मिटून शांत उभे होते.

एकोणचाळिसावे फडके डाव्या कानावरून गेले. फाटलेला पत्रा सांधला गेला आणि तिथे, पूर्वी होता त्याच जागी, तो छोटा पोचा उमटला.

भुजंगराव मटकन खाली बसले.

तो पोचा कसा पडला हे जगात दोघांनाच माहीत होते. दहा वर्षांचे भुजंगराव एकदा नाथांना मिशा ओढून बघायच्या म्हणून गुपचूप देव्हाऱ्यावर चढले होते. मुखवटा दगडावर पडला. नवी सून ठकू धावत आली, पोराला मागच्या दाराने घालवले आणि सासूला म्हणाली, "माझ्या हातून पडला." तिने मार खाल्ला, दोन दिवस उपाशी राहिली, आणि चाळीस वर्षे तो ठपका अंगावर वागवला. भुजंगरावांनी मात्र ती गोष्ट स्वतःच्या मनातूनही इतकी पुसून टाकली होती की आज सकाळी तोच ठपका चारचौघांत तिच्या तोंडावर मारताना त्यांची जीभ अडखळली नाही.

आता शेवटचे फडके राहिले. ते हिरवे होते, ठकूबाईच्या लग्नातल्या लुगड्याचे. तिने ते दोन्ही डोळ्यांच्या जागी हलकेच ठेवले आणि पुटपुटली, "उघड रे आता."

फडके उचलले. नाथ बघत होते!

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" देऊळ दणाणले. ढोल कोणी वाजवायला घेतला हेही कोणाला कळले नाही.

भुजंगराव पागोटे काढून गुडघ्यांवर रांगत महाराजांच्या पायांशी आले. महाराज दोन पावले मागे सरले. "माझ्या पायांशी काय आहे बाबा? मी तर नुसता बघत बसलो होतो. देवानं तुझा पोचासुद्धा टाकला नाही, जपून परत आणला. तो ज्यांनी झाकला त्यांच्याकडे जा."

भुजंगराव वळले. साऱ्या गावासमोर ते म्हणाले, "ठकूवहिनी!" ही हाक त्यांनी दहाव्या वर्षानंतर मारली नव्हती. "देव मी पाडला होता. त्या वेळी आणि आजही. मार तुम्ही खाल्लात." आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले.

मालकाचे डोके पायांवर बघून ठकूबाई घाबरलीच. मग तिला त्यांची सोलवटलेली बोटे दिसली. हिरवे फडके ओले करून तिने ती हळूच पुसली. "विटकर अशीच असते, मालक," ती म्हणाली. "हातालासुद्धा सोसत नाही."

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. महाराज वेशीपर्यंत बरोबर चालले आणि तिथूनच पुढच्या वाटेला लागले.

वर्षाने जत्रेला शेजारच्या गावचा तोच पाहुणा आला. देवळाच्या ओसरीवर भुजंगराव देशमुख मांडी घालून राख गाळत बसले होते, नाकापर्यंत पांढरे झालेले. पाहुण्याने मुखवट्याकडे बघून पुन्हा म्हटले, "देशमुख, मिशांत काळं अजून राहिलंय हो!"

"राहू द्या," भुजंगराव म्हणाले. "आम्हाला तेवढ्यानंच देव दिसतो." आणि राखेचे हात जोडून त्यांनी आधी नाथांना आणि मग ठकूवहिनींना वाकून नमस्कार केला.