अर्धं मडकं, अर्धा धडा

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथल्या कुंभाराच्या घरी दोन भाऊ होते. थोरला यशवंता दिवसभर चाकावर बसायचा आणि दिवेलागणीला आळीतल्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग घ्यायचा. धाकटा भिवा चौथीतूनच शाळा सोडून पळालेला. हात चपळ, डोकं तापट.

एके दिवशी तापाचं निमित्त झालं आणि यशवंता गेला. चाकाजवळ त्याचं अर्धं मडकं राहिलं. मुलांचा एक धडाही राहिला, क्रियाविशेषणांचा. परीक्षा तर तोंडावर आली होती.

त्या घरात एक रीत होती. गेलेल्या माणसाचं अर्धं मडकं मोडायचं नाही, मागे राहिलेल्यानं ते पुरं करायचं. आईनं ते मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

डोळे पुसायलाही न थांबता भिवा म्हणाला, "मडकं पुरं करीन, तसा धडाही पुरा करीन."

शेजारचे तात्या म्हणाले, "अरे, तुला एबीसीडी धड येत नाही!"

"मग शिकेन. पण दादाचं काम अर्धं राहणार नाही."

भिवानं पुस्तकातली मराठी व्याख्या अक्षराला अक्षर लावून पाठ केली. छडी हातात धरून तो वर्गात गेला आणि त्यानं व्याख्या एका दमात म्हणून टाकली. "क्रिया कशी, कुठे, केव्हा घडली हे सांगणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण. म्हणा!"

मागून लहू पुटपुटला, "मालगाडी गेली वाटतं."

सगळी खिदळली. भिवाचा हात छडीसकट वर गेला. पुढ्यात बसलेल्या शेवंतीनं डोळे घट्ट मिटून घेतले. ते पाहून भिवानं छडी भिरकावली आणि तरातरा घरी आला.

राग तसाच होता. त्यानं फडकं ओढलं, मडकी ठोकायची लाकडी थापी उचलली आणि अर्ध्या मडक्यावर हाणली. ओल्या मातीला खोक पडली. आईनं त्याचं मनगट धरलं.

"दुसऱ्याच्या हातचं मडकं असं ठोकतात होय रे? आधी आतून बोटं फिरव. त्यानं कुठवर आणलंय, कशी थाप दिलीय, ते बघ. मग तुझा हात लाव."

भिवानं मडक्यात हात घातला. दादाच्या बोटांचे वळ मातीत जसेच्या तसे होते. बराच वेळ त्यानं हात बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो छडी न घेता वर्गात गेला आणि मुलांमध्येच मांडी घालून बसला.

"काल मी न बघताच थापी मारली. आता तुम्हीच सांगा, दादा तुम्हाला कसा शिकवायचा?"

मग शेवंती म्हणाली, "हळू."

"हळूला दादा इंग्रजीत काय म्हणायचा?"

"स्लोली."

"आनंदानं शिकवायचे," दुसरी म्हणाली. "हॅपिली."

"नाही कळलं तर पुन्हा," लहू म्हणाला. "अगेन."

भिवानं खाली बघत विचारलं, "आणि मारायचा?"

"कधीच नाही. नेव्हर," शेवंती म्हणाली.

"शिकवणं एवढीच एक क्रिया," भिवा सावकाश म्हणाला. "बाकी तुमचा एकेक शब्द, ती कशी घडायची ते सांगतोय. हाच तो धडा. लिहून घ्या."

मुलं भराभरा लिहू लागली. लहूनं मान वर केली. "भिवादा, उद्या येणार ना?"

"येणार. रोज."

"रोजला इंग्रजीत काय म्हणतात?"

भिवा अडला. मग दादासारखाच हसला. "तू सांग की!"

"डेली!" सगळा वर्ग ओरडला.

घरी येऊन भिवानं खोक मातीनं बुजवली, आतून बोटं फिरवली आणि हलक्या हातानं मडकं पुरं केलं. भाजल्यावर ते वर्गाच्या दाराशी पाणी भरून ठेवलं. परीक्षेला निघालेली मुलं त्यातलं पाणी पिऊन गेली.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचं काम हाती घ्याल, तर आधी त्याची रीत समजून घ्या. रीत जपली, की माणूस गेला तरी कामात राहतो.